आद्यध्वनीनुसार जपानी गीतांची मांडणी : गोजूओन क्रम आणि त्याचा भारतीय संबंध

प्रास्ताविक

जपानी भाषेत 'उता' हा एकच शब्द गीतासाठी वापरला जातो आणि एकतीस ध्वनिमात्रांच्या 'वाका' या प्राचीन काव्यप्रकारासाठीही. वाकाला स्वतंत्र शीर्षक नसते. तिचा पहिला चरण हेच तिचे नाव. आपल्याकडील अभंगांची स्थिती याहून निराळी नाही, म्हणूनच गाथेच्या शेवटी अकारविल्हे सूची जोडावी लागते. जपानी गीतसंग्रहांच्या, गीतकोशांच्या आणि कराओकेच्या जाडजूड पुस्तकांच्या सूचीदेखील आद्यध्वनीनुसार लावलेल्या असतात. 'आ'ची गीते, 'का'ची गीते, 'सा'ची गीते अशी ही विभागणी वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. तथापि तिच्या मागे सुमारे एक हजार वर्षांचा ध्वनिविचार उभा आहे आणि त्याचा उगम भारतीय शिक्षाशास्त्रात आहे. या संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळदा अतिशयोक्त विधाने केली जातात. म्हणून प्रस्तुत लेखात त्याची मर्यादाही स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयानुसार मांडणीकडून ध्वनीनुसार मांडणीकडे

प्राचीन संग्रहकारांना आद्यध्वनीचे महत्त्व नव्हते. इ.स. ९०५ च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'कोकिनशू' या वीस खंडांच्या संग्रहात वसंतापासून शिशिरापर्यंत ऋतुगीते येतात, पुढे विरह, प्रवास, प्रेम असे विषय येतात. प्रेमविषयक खंडांत तर अनुरागाच्या आरंभापासून विफलतेपर्यंतचा प्रवासच क्रमाने मांडलेला आहे. तेथे गीताचे स्थान हा त्याच्या अर्थाचा भाग होता. आद्यध्वनीची सूची हा संबंध तोडते. वसंताचे गीत आणि मृत्यूचे गीत एकाच अक्षराखाली शेजारी येऊन बसतात. त्या बदल्यात वाचकाला हवे ते गीत सापडते. शोधाची सोय आणि आस्वादाचा क्रम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सूचीकाराने विसरू नये.

ध्वनीनुसार मांडणीचे दोन क्रम जपानमध्ये प्रचलित झाले. पहिला 'इरोहा'. हा क्रम म्हणजे स्वतःच एक गीत आहे. सत्तेचाळीस अक्षरे, प्रत्येक अक्षर एकदाच, आणि तरीही अनित्यतेचा बौद्ध आशय सांगणारी सलग रचना! परंपरा तिचे कर्तृत्व कूकाई (७७४–८३५) या आचार्यांकडे देते. परंतु तिची सर्वांत जुनी नोंद १०७९ मधील असून आधुनिक अभ्यासक ती रचना कूकाईंच्या नंतरची मानतात. कित्येक शतके कोश, याद्या आणि अनुक्रम या गीताच्या अक्षरक्रमाने लावले जात. संगीताच्या परिभाषेत तो क्रम आजही टिकून आहे. पाश्चात्त्य स्वरनामांतील 'ए, बी, सी' यांच्या जागी जपानी संगीतात 'इ, रो, हा' येतात, त्यामुळे 'सी मेजर' ही स्वरश्रेणी तेथे 'हा'ची ठरते.

दुसरा क्रम 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी. पाच स्वर आणि दहा ओळी यांची ही सारणी. ओत्सुकी फुमिहिको यांनी १८८९ ते १८९१ या काळात प्रकाशित केलेल्या 'गेनकाई' या कोशात हा क्रम स्वीकारला. तो पाहून फुकुझावा युकिची यांनी नापसंती दर्शविली, असा प्रसंग सांगितला जातो. रंगगृहात पादत्राणे ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यांवरही इरोहाचा क्रम असतो, सामान्य माणसाला तोच ठाऊक आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुळीच चुकीचा नव्हता. पण पुढे शाळांमधून गोजूओन रुजला आणि सूचींमध्येही तोच स्थिरावला.

वर्णमालेचा वारसा

गोजूओनचे स्वर आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात. ओळींचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. मराठी वाचकाला येथे आपली वर्णमाला ओळखू येते, फक्त दोन ठिकाणी ती चुकल्यासारखी वाटते. बौद्ध मंत्रांच्या शुद्ध उच्चारासाठी जपानी भिक्षू 'सिद्धम्' लिपीचा अभ्यास करीत. कूकाईंनी चीनमधील चांगआन येथे प्रज्ञा नामक भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले आणि ८०६ मध्ये ते मायदेशी परतले. या अध्ययनपरंपरेतूनच अकराव्या शतकात स्वर-व्यंजनांची सारणी आकाराला आली. आरंभीच्या सारण्यांत ओळींचा क्रम अस्थिर होता. तेंदाई पंथातील म्योगाकू या भिक्षूच्या १०९३ मधील ग्रंथाचे या संदर्भात विशेष महत्त्व आहे.

आता त्या दोन 'चुका'. आपल्याकडे 'क'वर्गानंतर 'च'वर्ग येतो, तर तेथे 'सा'ची ओळ येते. प्राचीन जपानीत या ओळीचा उच्चार 'त्स' किंवा 'च' यांच्या जवळचा असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. आपला 'ह' वर्णमालेच्या अखेरीस येतो, पण जपानी 'हा' मात्र 'ना' आणि 'मा' यांच्यामध्ये, म्हणजे नेमका 'प'च्या जागी आहे. याचे कारण असे की आजचा 'ह' मुळात 'प' होता आणि पुढे तो ओठांतून उच्चारला जाणारा 'फ' झाला. १६०३ मध्ये नागासाकी येथे छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात मिशनऱ्यांनी हे शब्द रोमन लिपीत 'एफ'नेच लिहिले आहेत. उच्चार बदलला, सारणीतील जागा मात्र बदलली नाही. तेव्हा आज 'हा'खाली लागलेले प्रत्येक गीत एका लुप्त 'प'च्या घरात राहते, असे म्हणता येईल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'जपानी अक्षरे संस्कृतातून आली' हे विधान व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते, पण ते बरोबर नाही. काना अक्षरांची रूपे चिनी चित्राक्षरांपासून घडली. भारताकडून गेला तो अक्षरांचा क्रम आणि उच्चारस्थानांनुसार ध्वनी लावण्याची दृष्टी. हे ऋण पुरेसे मोठे आहे. ते फुगवून सांगण्याचे कारण नाही.

सूचीकारापुढील अडचणी

क्रम ठरला तरी गीताचा आद्यध्वनी कोणता, हा प्रश्न उरतोच. चित्राक्षरांना एकाहून अधिक वाचने असतात. १९१४ च्या शालेय गीतसंग्रहातील 'फुरुसातो' हे सुप्रसिद्ध गीत ज्या दोन चित्राक्षरांनी लिहिले जाते, त्यांचे 'कोक्यो' असेही वाचन होते. नवखा सूचीकार ते 'फु'ऐवजी 'को'खाली लावून बसेल. लेखनपद्धतीतील बदलाने आणखी गुंता केला. १८८१ च्या शालेय संग्रहात फुलपाखरावरील 'चोचो' हे गीत आहे. ऐतिहासिक लेखनात या शब्दाचे पहिले अक्षर 'ते' होते; १९४६ च्या लेखनसुधारणेनंतर ते 'चि' झाले. म्हणजे उच्चार तोच असूनही गीताची जागा लेखनाबरोबर बदलली. 'गा', 'झा', 'दा' या घोष ध्वनींना तर स्वतंत्र ओळच नाही. ते 'का', 'सा', 'ता' यांच्याबरोबर लावले जातात. लांबविलेल्या स्वराचे चिन्ह काही सूचींत स्वर म्हणून मोजले जाते, काहींत वगळले जाते. याबाबत एकवाक्यता यावी म्हणून १९९६ मध्ये राष्ट्रीय मानकही करण्यात आले.

शीर्षकच बदलले तर काय होते, याचे उदाहरण साकामोतो क्यू यांनी १९६१ मध्ये गायिलेले 'उए ओ मुइते आरुको' हे गीत होय. जपानी सूचीत ते 'उ'खाली सापडते. १९६३ मध्ये अमेरिकेतील लोकप्रियता-यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते 'सुकियाकी' या नावाने. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ असून गीताशी त्याचा काडीचाही संबंध नाही! याहून लक्षणीय उदाहरण राष्ट्रगीताचे. १९९९ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या 'किमिगायो'चे शब्द मूळच्या एका अनामिक वाकेतून आले आहेत. 'कोकिनशू'मध्ये ती वाका 'वा'ने सुरू होते, तर नंतरच्या पाठपरंपरेत तिचा आरंभ 'कि'ने होतो. पाठभेद माहीत नसलेल्या अभ्यासकाला एकच रचना दोन भिन्न रचना वाटण्याचा धोका येथे संभवतो.

आद्यध्वनीचा खेळ

आद्यध्वनीनुसार गीते मनात लावून ठेवण्याचे सर्वांत कसोटीचे क्षेत्र म्हणजे 'कारुता' हा पत्त्यांचा खेळ. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) यांच्या निवडीच्या 'हयाकुनिन इश्शू' या शंभर वाकांवर तो आधारलेला आहे. कुरोइवा रुइको यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. वाचक वाका आरंभापासून म्हणतो; खेळाडूपुढील पत्त्यांवर मात्र केवळ अखेरचे दोन चरण असतात. त्यामुळे आरंभ ऐकताच शेवट ओळखावा लागतो. आपल्याकडील गाण्यांच्या भेंड्यांत अक्षरावरून गाणे आठवण्यास थोडी तरी उसंत मिळते, येथे तीही नसते.

शंभर वाकांपैकी सोळा 'आ'ने, आठ 'ना'ने सुरू होतात. मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात ध्वनींची मात्र प्रत्येकी एकच वाका आहे. त्या सात पहिल्या ध्वनीलाच ओळखता येतात. बेचाळीस वाकांसाठी दोन, सदतिसांसाठी तीन, सहांसाठी चार आणि दोहोंसाठी पाच ध्वनी ऐकावे लागतात. उरलेल्या सहांच्या तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीचे पहिले पाच ध्वनी समान असून सहावा ध्वनी उच्चारला जाईपर्यंत पत्ता कोणता हे कळत नाही. या निर्णायक ध्वनींना 'किमारिजी' म्हणतात. ते स्थिरही नसतात. 'उ'ने सुरू होणाऱ्या दोन वाकांपैकी एक वाचून झाली की दुसरीसाठी केवळ 'उ' पुरेसा होतो. म्हणून खेळाडूला मनातील सूची प्रत्येक वाचनानंतर नव्याने लावावी लागते, आणि त्याच वेळी त्याचा हात पुढच्या ध्वनीची वाट पाहत पत्त्यांवर रोखलेला असतो.