पाटीवरचा टक्का आणि पावतीवरची रक्कम

लेखमाला : गाठीचा पैसा, भाग ६

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीचा रस्ता फुटतो. आंब्याचा हंगाम उरकून दलालाची पट्टी हाती आली, की इथल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : पैसे कुठे टाकायचे? टक्का कुठे जास्त? मागच्या भागात आपण बचत खाते पाहिले, या भागात मुदत ठेव पाहू.

आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकेत असलेली मुले फोनवर ‘सीडी’चे दर सांगतात. तिथली ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ म्हणजे आपली साधी मुदत ठेव, आपण एफडी म्हणतो तीच. आपल्याकडे याच नावाचा जो कागद आहे तो निराळा. तो १९८९ साली सुरू झाला. किमान ५ लाखांचा, एक वर्षाच्या आतला आणि मुख्यतः मोठ्या संस्थांमध्ये फिरणारा. बागायतदाराला तुलना करायची ती एफडीचीच.

दर कुठून येतो?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांना पैसा स्वस्त मिळू लागला, तसे ठेवींचे दरही उतरले. म्हणून जुनी पावती दाखवून ‘तोच दर द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. दर ठेव ठेवण्याच्या दिवशीचा असतो. दुसरी गोष्ट अशी की एका बँकेच्या सर्व शाखांत त्या दिवशी, तेवढ्याच रकमेला आणि मुदतीला एकच दर द्यावा लागतो. तोंडओळखीने पाव टक्का वाढवून मिळत नाही. ज्येष्ठांना मात्र बँका जादा दर देऊ शकतात, म्हणून घरात साठी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांच्या दराची चौकशी वेगळी करा.

टक्क्याचे दोन चेहरे

समजा, एका बँकेच्या पाटीवर लिहिले आहे ‘७.२५ टक्के’. दुसरीची जाहिरात म्हणते ‘८.३० टक्के परतावा’. मन दुसरीकडे धावते. आता हिशेब मांडू.

दुसऱ्या बँकेचा खरा दर ७ टक्के आहे. १ लाख रुपये ५ वर्षे ठेवले आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळत गेले, तर शेवटी १,४१,४७८ रुपये होतात. वरच्या ४१,४७८ ला ५ ने भागले की वर्षाला ८,२९६ येतात. जाहिरातीतले ‘८.३०’ ते हेच. आता पहिल्या बँकेत ७.२५ ने तसेच ठेवले तर सुमारे १,४३,२०० होतात. म्हणजे ज्या पाटीवरचा आकडा लहान, तिथे साधारण पावणेदोन हजार जास्त.

म्हणून खिडकीवर टक्का विचारू नका. विचारा, ‘आज १ लाख ठेवले तर अमुक तारखेला हाती किती येतील?’ मुदत आणि रक्कम सारखी धरून सगळीकडे हाच एक प्रश्न विचारा. दरमहा व्याज घेणार असाल तर ७ टक्क्यांना १ लाखावर महिन्याला ५८३ नव्हे, सुमारे ५८० येतात, कारण तिमाहीचे व्याज आधीच घेतल्याबद्दल थोडी कपात होते.

दामदुप्पट हा आपला आवडता शब्द. ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, पैसे दुप्पट व्हायला १० वर्षे लागतात. कोणी ५ वर्षांत दुप्पट म्हणत असेल तर तो १४ टक्क्यांहून जास्त दर कबूल करतो आहे. एवढे तो कुठून कमावणार, हा प्रश्न तिथेच विचारा.

पैसा कोणाच्या हाती?

राष्ट्रीयीकृत, ग्रामीण आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदाराला. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी मर्यादा एकच. आपल्या भागातली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ज्यांच्या ठेवी आधी या दोन्ही बँकांत होत्या, त्यांनी बेरीज पुन्हा करावी.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो तो या जोखमीचा मोबदला असतो. पोस्टाच्या ठेवीमागे केंद्र सरकार उभे आहे. तिथे ५ वर्षांच्या ठेवीला २०२५ मध्ये वर्षभर ७.५ टक्के दर होता. तुलनेच्या यादीत पोस्ट धरलेच पाहिजे.

मोडायची वेळ आली तर

पावसाच्या तोंडावर घराचे छप्पर, मुलीची फी, दवाखाना. ठेव मोडावी लागते तेव्हा ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर, आणि बहुतेक ठिकाणी त्यातूनही अर्धा ते एक टक्का कपात. म्हणून ३ लाखांची एक पावती करण्याऐवजी एक, दोन आणि तीन वर्षांच्या १-१ लाखाच्या तीन पावत्या करा. गरज पडली तर एकच मोडेल.

मुदत भरल्यावर पावती कपाटात पडून राहिली, तर पुढच्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी तो मिळतो. नूतनीकरणाची सूचना देऊन ठेवली आहे का, ते तपासा. ज्यांना आयकर लागत नाही त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच स्वयंघोषणापत्र द्यावे, म्हणजे व्याजातून कर कापला जाणार नाही.

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या पावत्या बाहेर काढा. प्रत्येकीवर तीन गोष्टी बघा : मुदत संपण्याची तारीख, हाती येणारी रक्कम आणि वारसाची नोंद. वारसाची जागा रिकामी असेल तर उद्याच बँकेत जाऊन ती भरून घ्या.