वाकलं की वाट मोकळी

सत्तरीतली एखादी व्यक्ती शे-दोनशे पावलं चालते आणि पोटऱ्या भरून येतात, तळव्यांना मुंग्या येतात. कट्ट्यावर दोन मिनिटं टेकलं की सगळं गायब! आता गंमत पाहा. हीच व्यक्ती सुपरमार्केटात ट्रॉलीवर रेलून आरामात फिरते, सायकलही चालवते. पाय तेच, मग दुखणं जातं कुठे?

दुखण्याचं मूळ पायात नसतंच. ते असतं कमरेत. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खालच्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा उतरतो. वयानुसार मणक्यांमधली गादी बाहेर फुगते, सांधे जाड होतात, नळी अरुंद होते. उभं राहिल्यावर आणि चालताना उद्भवणाऱ्या या त्रासाचा नळीच्या अरुंदपणाशी असलेला संबंध डच न्यूरोसर्जन हेंक फर्बीस्ट यांनी 1954 मध्ये उलगडून दाखवला.

पण हाडाची नळी काही बसल्या-बसल्या रुंद होत नाही. मग आराम पडतो कसा? नळीच्या मागच्या भिंतीला एक पिवळा अस्थिबंध असतो. त्यात जवळपास 80 टक्के इलॅस्टिन, म्हणजे शरीरातल्या सर्वांत ताणल्या जाणाऱ्या ऊतींपैकी ही एक. कोपर दुमडलं की बाहीला आतून चुण्या पडतात ना, तशा कंबर मागे गेली की या अस्थिबंधाला चुण्या पडतात, त्याही थेट नसांच्या वाटेत! पुढे झुकलं की तो ताणला जातो आणि जागा होते. म्हणूनच अनेकांना चढापेक्षा उतार जड जातो.

त्याहून चक्रावणारी गोष्ट 1990 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसली. कधीच कंबर न दुखलेल्या 67 जणांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्या दर पाचांपैकी साधारण एकाची नळी अरुंद निघाली. रिपोर्ट वाचूनच अर्धमेलं होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

फिजिओथेरपिस्ट याच झुकण्याचा फायदा घेतात. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, जागच्या जागी सायकल, पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंना बळ, थोडं चालून थोडं बसणं. एवढ्या साध्या गोष्टींनी काय होणार? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेला तयार झालेल्या 169 रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एक शस्त्रक्रियेचा आणि एक व्यायामाचा. 2015 मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच सुधारली होती! अर्थात व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती, त्यामुळे व्यायामाचा झेंडा फडकवायची घाई नको. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं काय? 2014 च्या 400 रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा त्याचा फारसा जास्त फायदा दिसला नाही.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवायचा आणि तडक रुग्णालय गाठायचं.