क्रायोलिपोलिसिस

क्रायोलिपोलिसिस ही शस्त्रक्रिया न करता, नियंत्रित थंडाव्याच्या साहाय्याने त्वचेखालील चरबीचा थर कमी करण्याची वैद्यकीय पद्धत आहे. ग्रीक भाषेतील 'क्रायोस' (थंडी), 'लिपोस' (मेद) आणि 'लायसिस' (विघटन) या शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. शरीराची ठेवण सुधारण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. ती वजन घटवण्याचा किंवा स्थूलतेवरील उपचार नाही.

पार्श्वभूमी

१९७० साली बर्फाची कांडी चोखल्यामुळे एका बाळाच्या गालातील चरबीला दाह झाल्याची नोंद अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कडाक्याच्या थंडीत घोडेस्वारी करणाऱ्या स्त्रियांच्या मांड्यांवरही असाच विकार आढळला होता. अशा नोंदींवरून, त्वचेपेक्षा चरबी थंडीला अधिक संवेदनशील असते, हे लक्षात आले. या तत्त्वाच्या आधारे बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी ही पद्धत विकसित केली. डुकरांवरील त्यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाला २०१० साली कमरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ साली पोटासाठी मान्यता दिली. 'कूलस्कल्प्टिंग' हे त्याचे व्यापारी नाव आहे.

कार्यपद्धती

हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, पाणी मात्र द्रवच राहते. त्याचप्रमाणे मेदपेशींमधील स्निग्ध पदार्थ पाण्याच्या गोठणबिंदूपेक्षा अधिक तापमानाला घट्ट होतात. त्यामुळे त्वचा, स्नायू व मज्जातंतू यांना कायमची इजा न करता मेदपेशींवर परिणाम घडवता येतो.

उपचाराच्या जागी संरक्षक जेलचा पट्टा ठेवून उपकरणाच्या पेल्यात त्वचेची घडी ओढून घेतली जाते आणि ती साधारणतः ३५ ते ६० मिनिटे थंड ठेवली जाते. इजा झालेल्या मेदपेशी पुढील काही दिवसांत नियोजित पेशीमृत्यूने नष्ट होतात. त्यांचे अवशेष भक्षक पेशी दोन ते तीन महिन्यांत हळूहळू दूर करतात. म्हणून परिणाम तत्काळ दिसत नाही.

परिणाम व मर्यादा

उपचार केलेल्या भागातील चरबीच्या थराची जाडी साधारणपणे २० ते २५ टक्क्यांनी कमी होते. पोटातील अवयवांभोवतीच्या चरबीपर्यंत हा थंडावा पोहोचत नाही. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी निकटचा संबंध याच चरबीचा असल्याने आहार आणि व्यायाम यांना ही पद्धत पर्याय ठरत नाही. उर्वरित मेदपेशी आकाराने वाढू शकतात.

दुष्परिणाम

लाली, सूज, वेदना, काळेनिळे डाग व बधिरपणा हे सामान्य दुष्परिणाम असून ते बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. 'विरोधाभासी मेदवृद्धी' हा दुर्मीळ परंतु गंभीर दुष्परिणाम आहे. त्यात चरबी घटण्याऐवजी काही महिन्यांत त्या जागी घट्ट गाठीसारखी वाढते. २०१४ साली त्याची प्रथम नोंद झाली; नंतरच्या अभ्यासांत त्याचे प्रमाण सुरुवातीच्या अंदाजापेक्षा अधिक आढळले. ही वाढ आपोआप नाहीशी होत नाही. तिच्यासाठी बहुधा लायपोसक्शन, म्हणजेच जी टाळायची होती तीच शस्त्रक्रिया, करावी लागते. कॅनडाच्या मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ साली स्वतःला हा विकार झाल्याचे जाहीर केल्यानंतर त्याची जगभर चर्चा झाली.

क्रायोग्लोब्युलिनेमिया, शीत अ‍ॅग्लुटिनिन विकार यांसारखे थंडीने बळावणारे रक्तविकार असलेल्या व्यक्तींवर हा उपचार केला जात नाही.