हृदयाच्या तपासणीतील ‘डाय’ आणि कोळंबीची भीती

‘मला कोळंबी सोसत नाही, अंगावर पित्त उठते, मग अँजिओग्राफी कशी करून घेऊ?’ असा प्रश्न मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्हांला पुष्कळदा ऐकू येतो. या भीतीने कोणी तपासणीच टाळतो, म्हणून हे लिहीत आहोत.

मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात व तिच्यातून औषध सोडतात. त्यातील आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून रक्तवाहिनी कोठे अरुंद झाली ते पडद्यावर दिसते. औषध पाण्यासारखे बिनरंगी, तरी सगळे त्याला ‘डाय’च म्हणतात. ते सोडताना अंगातून गरम लाट गेल्यासारखे वाटते. ती क्षणभराची असते.

आता कोळंबीचे. तिचे वावडे असते ते तिच्या मांसातील प्रथिनांचे, आयोडीनचे नव्हे. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठातही असते! वावडे डॉक्टरांना जरूर सांगावे, पण तेवढ्यावरून माघारी फिरू नये. मात्र पूर्वी अँजिओग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या वेळी असाच डाय घेतल्यावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते आधी सांगावे. डॉक्टर दुसरा डाय निवडतात, कधी आधी गोळ्या देतात.

आम्हांला खरी काळजी वाटते ती मूत्रपिंडांची. डाय लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे आधीच अधू असतील, त्यात मधुमेह असेल, तर ती आणखी थकतात. म्हणूनच आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की आपण दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेतो आणि त्याला औषध मानतच नाही. डॉक्टरांनी विचारले तरी ‘काही घेत नाही’ म्हणतो! या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्या लपवू नयेत.

मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावे. मूत्रपिंडे कमजोर असल्यास ते त्या दिवशी व पुढे ४८ तास थांबवून, रक्त तपासून पुन्हा सुरू करतात. स्वतःच्या मनाने बंद करू नये. लघवीला जावे लागेल म्हणून आदल्या दिवसापासून पाणी तोडणारेही आहेत. किती वेळ उपाशी राहायचे, किती पाणी प्यायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. हृदय अशक्त असलेल्याला जास्त पाणीही बाधते.

घरी आल्यावर लघवी कमी झाली किंवा सूज आली, तर लगेच परत जावे.

हृदयविकाराचा झटका आला असेल तर या चौकशीला वेळ नसतो. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी घरच्यांच्या हाताशी असू द्यावी.