निळ्या धाग्याचा भरवसा

वर्गात 'मूल्य' ही संकल्पना शिकविताना पाणी आणि हिरे यांचे जुने उदाहरण देण्याचा आता कंटाळा येतो. त्याऐवजी अलीकडे मी ज्यू लोकांच्या प्रार्थनेच्या शालीचे उदाहरण घेतो. हिब्रू भाषेत तिला 'तालीत' म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल ज्यांच्या शेजारी राहिले, त्या मराठी माणसांना ही शाल अगदीच परकी वाटू नये.

शाल कशाची असावी याविषयी धर्मशास्त्र बरेच उदार आहे. लोकर चालते, सूत चालते, रेशीमही चालते. लोकर आणि जवसाचे सूत यांची मिसळ मात्र निषिद्ध आहे. १९७३ साली अमेरिकेत 'द ज्यूइश कॅटलॉग' हे धार्मिक वस्तू स्वतः करावयास शिकविणारे पुस्तक निघाले. त्याच सुमारास उदारमतवादी पंथांतील स्त्रियाही शाल पांघरू लागल्या. दुकानातील काळ्या वा निळ्या पट्ट्यांची शाल घेण्याऐवजी रेशीम आणून ते घरी रंगविण्याची आवड तेव्हापासून वाढत गेली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. साबणाच्या गरम पाण्यात तो काढला की वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटते आणि मगच खरी झळाळी प्रकट होते. रेशीम हे प्रथिन असल्याने त्यावर आम्ल रंग चांगले बसतात. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ते तापवावयाचे. पण खळखळून उकळू दिले तर तकाकी गेलीच म्हणून समजा. काही जण कापड चौकटीवर ताणून कुंचल्याने रंग भरतात, ओल्या रंगावर मीठ भुरभुरवून तारकांसारखी नक्षी उठवितात आणि नंतर कागदात गुंडाळून वाफेवर रंग पक्का करतात. मग कडा शिवावयाच्या, मानेजवळ पट्टी लावावयाची आणि चारही कोपऱ्यांना ठिगळाचा आधार द्यावयाचा.

एवढे झाले तरी ते धार्मिक वस्त्र ठरत नाही. त्याला ती योग्यता येते ती चार कोपऱ्यांच्या गोंड्यांमुळे. प्रत्येक कोपऱ्याच्या छिद्रातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर होतात. त्यांपैकी एक धागा लांब असतो. एका प्रचलित पद्धतीत तो इतरांभोवती ७, ८, ११ आणि १३ वेळा गुंडाळतात आणि मध्ये मध्ये मिळून पाच दुहेरी गाठी मारतात. 'त्सित्सित' या शब्दातील अक्षरांची संख्यामूल्ये ६००. त्यांत आठ पदर आणि पाच गाठी मिळविल्या की ६१३ होतात, आणि तेवढ्याच धर्माज्ञा मानल्या जातात. क्रमही चुकून चालत नाही. वस्त्र आधी पूर्ण झाले पाहिजे. गोंडे बांधल्यावर कोपरा शिवला तर ते बाद! शिवाय सूत कातताना ते याच कार्यासाठी कातीत आहोत, असा संकल्प कातणाऱ्याच्या मनात हवा. हा संकल्प कोणत्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी मौज पुढेच आहे. 'गणना' ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात गोंड्यात एक निळा धागा घालण्याची आज्ञा आहे. हा निळा रंग, 'तेखेलेत', समुद्री प्राण्यापासून काढीत. असे रंग किती महाग पडत, याची कल्पना एका प्रयोगावरून येते. जांभळा रंग देणाऱ्या जवळच्याच जातीच्या १२,००० गोगलगायींपासून फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला १९०९ साली जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला. साहजिकच स्वस्त पर्याय बाजारात आला आणि तो होता नीळ! तालमूदमध्ये या नकलीविषयी कडक इशारा आहे: इजिप्तमध्ये कोण ज्येष्ठ पुत्र आणि कोण नाही हे ज्याने ओळखले, तो परमेश्वर निळीचा धागा तेखेलेत म्हणून खपविणाऱ्यालाही ओळखून शासन करील.

इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास ही विद्या लोपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राद्झिनच्या रब्बींनी माकलीसारख्या एका प्राण्यापासून निळा रंग सिद्ध केला. पुढे इस्राएलचे प्रमुख रब्बी झालेल्या आयझॅक हर्झोग यांनी १९१३ च्या प्रबंधात दाखविले की तो प्रशियन निळा आहे, म्हणजे प्रक्रियेत घातलेल्या लोहाचा प्रताप. १९८० च्या दशकात ऑटो एल्सनर यांना आढळले की म्यूरेक्स जातीच्या गोगलगायीचा जांभळट रंग विरघळलेल्या अवस्थेत उन्हात ठेवला तर निळा होतो. मात्र तो निळा रंग रासायनिक दृष्ट्या निळीहून वेगळा नाही! असली आणि नकली धाग्यांतील रंगाचा रेणू एकच.

ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले की विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष ग्राहकाला दिसत नसेल तर चांगला मालच बाजारातून हटतो. आमच्या घरी एकदा 'शुद्ध रेशमी' म्हणून आलेल्या साडीचा धागा जाळून पाहिला, तर केस जळल्यासारखा वास येण्याऐवजी तो वितळून त्याची गोळी झाली. निदान तो कस घरी लावता तरी आला. निळ्या धाग्याला तसा कस नाही. म्हणून तो रब्बींच्या प्रमाणपत्रासह विकला जातो, आणि ग्राहक रंगाबरोबर एका शब्दाचीही किंमत मोजतो.

घरी शाल करणाराही येथे अडतोच. रेशीम त्याने स्वतः रंगविले, कडा स्वतः शिवल्या, गाठीही तोच मारणार. पण संकल्पाने कातलेले धागे बहुधा विकतच आणावे लागतात. ती गोगलगाय हीच का, याविषयी रब्बींत अजून एकमत नाही. त्यामुळे शालीवर हवे तितके रंग खेळवूनही पुष्कळ जण गोंडे पांढरेच ठेवतात.