जादूगार आणि त्याचे चित्रकार

आय. एल. पेरेत्झ यांच्या ‘जादूगार’ या यिद्दिश कथेसाठी मार्क शागाल यांनी काढलेली चित्रं १९१७ साली विल्नाच्या क्लेत्स्किन प्रकाशनाने छापली. १९७३मध्ये उरी शुलेवित्झ यांनी अमेरिकेत ती कथा मुलांसाठी नव्याने सांगून चितारली. १९९३मध्ये बार्बरा डायमंड गोल्डिन यांच्या पुनर्कथनाला रॉबर्ट अँड्र्यू पार्कर यांनी चित्रांची जोड दिली. पाऊणशे वर्षांतली ही तीन पुस्तकं वर्गात शेजारी मांडली, की मूळ कथेशी प्रामाणिक चित्रं कोणती, हा प्रश्न आधी विचारला जातो. त्याने काही साधत नाही. शागाल त्या काळचे, त्या जगातले. म्हणजे तेच खरे, आणि चर्चा खुंटते.

त्याऐवजी मुलांना विचारावं, चित्र जादूगाराचं गुपित केव्हा फोडतं? व्होलिनियातल्या गावी वल्हांडण या ज्यू सणाच्या तोंडावर हा फाटका माणूस येतो. तोंडातून फिती काढतो, बुटातून टर्की काढतो, स्वतः मात्र उपाशी. सणाच्या रात्री लाकडाच्या धंद्यात बुडालेल्या जोडप्याच्या अंधाऱ्या घरात शिरून तो हवेतून मेणबत्त्या आणि सगळं ताट उभं करतो. तो एलीया संदेष्टा होता, हे कळतं शेवटी. लेखकाचं फाटक्या कपड्यांवर भागतं. चित्रकाराला मात्र चेहरा द्यावाच लागतो, आणि तो जरा जास्त तेजस्वी झाला की कथा तिथेच संपली. म्हणून शेवट वाचण्याआधी चित्रं दाखवावीत, आणि वाचून झाल्यावर पुन्हा.

यात इतिहास हरवतो, असा आक्षेप येईल. उलट तो इथूनच आत येतो. १९१७च्या यिद्दिश वाचकाच्या घरी त्या रात्री एलीयासाठी प्याला भरला जाई, दार उघडलं जाई. पाहुणा कोण, याचा त्याला वास आधीच आला असेल. (कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू घरांतही मलिद्याच्या विधीमुळे एलियाहू हन्नाबी, म्हणजे हाच एलीया, ओळखीचा आहे.) वॉर्सात १९३५ साली जन्मून लहानपणीच युद्धामुळे परागंदा झालेले शुलेवित्झ ज्या मुलांसाठी चितारत होते, त्यांतल्या अनेकांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. गुपित तेच, पण राखायचं वेगळ्यांपासून. तरी परकी मुलं ही चित्रं समजतील कशी, ही शंका उरते. समोरचं ताट खरं की जादूचं, हे ओळखायला रब्बी जोडप्याला देतो ती कसोटी कथेतच आहे : मात्झा (सणाची बिनखमिरी रोटी) मोडते का, वाइन ओतता येते का? चित्रातलं टेबलही तसं भरीव वाटतं का, हे सेदेर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, न पाहिलेलं मूलही सांगू शकतं.

ही रीत सगळीकडे चालणार नाही. अनातोली काप्लान यांनी शोलेम अलेखेम यांच्या यिद्दिश कथांमधल्या तेव्या दूधवाल्यावर लिथोग्राफ केले. पण तेव्या मनातलं सगळं बोलून मोकळा होतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. तिथे प्रश्न निराळा शोधावा लागेल.