काळ्याच्या अंगातला दुसरा कुत्रा

छत्रपती संभाजीनगरमध्ये औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत काळ्या नावाचा एक कुत्रा आहे. नाव काळ्या, रंग विटकरी. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही. फ्लॉवर विकणाऱ्या एका मावशींच्या गाडीखाली तो दुपारभर पडून असतो. मागच्या उन्हाळ्यात मावशींनी मला हाक मारली. "भाऊ, याच्याकडं जरा बघा हो. लघवीच्या जागी रक्त येतंय आठ दिवसांपासून. सारखं चाटत बसतो." मी वाकून बघितलं आणि नजर आपोआप वर गाडीकडे गेली. वर मांडलेला माल आणि खाली काळ्याच्या अंगावर आलेली गाठ, दोन्ही दिसायला सारखेच. तसेच तुरे, तसाच खडबडीतपणा, फक्त रंग लालभडक.

काळ्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना लांबूनच कळलं. "टीव्हीटी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत रोजचं काम." तरी खात्रीसाठी त्यांनी गाठीवर काचपट्टी दाबली, रंगद्रव्यात बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. माझी उत्सुकता बघून म्हणाले, "या, बघा." निळसर गोल पेशींचा नुसता खच. प्रत्येक पेशीत कडेकडेने बारीक पांढरे बुडबुडे, मोत्याची सर ओवावी तसे. मग डॉक्टर सहज बोलावं तसं बोलून गेले, "या पेशी काळ्याच्या नाहीत बरं का."

त्या एका वाक्याने पुढचे कितीतरी दिवस माझी झोप उडवली.

कॅन्सर म्हणजे आपल्याच पेशींचं बंड, हे आपण शाळेपासून ऐकतो. पेशी ज्याची, कॅन्सर त्याचा. धनी गेला की गाठही त्याच्याबरोबर गेली. शेजाऱ्याचा कॅन्सर आपल्याला लागत नाही. टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारा कुत्र्यांचा कॅन्सर, हा नियम मोडतो. समागमाच्या वेळी एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी सुटतात, दुसऱ्याच्या अंगाला चिकटतात आणि तिथे वाढू लागतात. इथे विषाणू नाही, जिवाणू नाही. पेशीच प्रवास करते. केसर आंब्याचं कलम बांधतात ना, तसं. बागेत शंभर झाडं उभी दिसतात, पण वरची फांदी शंभर ठिकाणी त्या एकाच मूळ झाडाची असते. काळ्याच्या अंगावर असंच कुणाचं तरी कलम चढलं होतं. हुंगताना आणि चाटतानाही या पेशी चिकटतात, म्हणून काही कुत्र्यांच्या नाकात गाठ येते आणि त्यात नर जास्त असतात. हुंगण्याचा सोस त्यांनाच अधिक.

मग मूळ झाड कोणतं?

हे शोधण्याची युक्ती सांगायला सोपी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले रॉबिन वाइस आणि त्यांचे सहकारी यांनी इटली, भारत आणि केनियातल्या कुत्र्यांच्या गाठी जमवल्या आणि गाठीचा डीएनए त्याच कुत्र्याच्या स्वतःच्या डीएनएशी ताडून बघितला. जुळेना. भारतातली गाठ भारतातल्या कुत्र्याशी जुळत नव्हती, पण केनियातल्या गाठीशी जुळत होती. २००६ साली हे छापून आलं. जगभरातल्या या गाठी म्हणजे एकाच कुत्र्याच्या पेशींची अखंड चाललेली वंशावळ आहे, हे त्यातून पक्कं झालं. ओळखीची एक खूणही आहे. मिक नावाच्या जनुकाच्या अगदी जवळ डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. तो टीव्हीटीच्या गाठीत सापडतो, निरोगी कुत्र्यात त्या जागी नसतो. आजही शंका आली की पीसीआरने तोच तुकडा शोधतात.

कुत्र्याचा पूर्ण जीनोम तोवर हाताशी आला होता. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा डीएनए वाचून झाला, सुमारे २४० कोटी अक्षरं. त्याच्याशेजारी गाठीचा जीनोम ठेवला की कुठलं अक्षर कधी बदललं याचा हिशोब मांडता येतो. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या चमूने २०१४ मध्ये तो मांडला. माणसाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असे बदल काही हजार असतात. इथे निघाले सुमारे १९ लाख. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. या गाठीत ती एकमेकांना चिकटून साठाच्या आसपास उरली आहेत. इतकी मोडतोड होऊनही पेशी ठणठणीत.

पुढे २०१९ मध्ये याच चमूने ४३ देशांतल्या ५४६ गाठी वाचल्या. बदल साधारण ठरावीक वेगाने साचतात, त्यामुळे ते मोजून वय काढता येतं. वय निघालं ४,००० ते ८,५०० वर्षं. जन्म आशियात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गाठ तिथून बाहेर पडली आणि पाचेकशे वर्षांपूर्वी जहाजांवरच्या कुत्र्यांबरोबर अमेरिकेला पोचली. मूळ कुत्रा कसा होता याचाही अंदाज त्याच डीएनएत मिळतो. मध्यम ते मोठी चण, थोडाफार हस्कीसारखा, रंग काळा किंवा करडा. म्हणजे आमच्या विटकरी काळ्याच्या अंगात एक खरोखरचा काळा असण्याची शक्यता आहे! त्याचे सगळ्यांत जवळचे नातलग म्हणजे युरोपीय लोक येण्याआधी अमेरिकेत असलेले कुत्रे. ते आज जवळपास नाहीसे झालेत. त्यांच्या गणगोताचा सगळ्यांत ठळक अंश आज जिवंत आहे तो या गाठीत.

गाठीच्या वयाचा अंदाज यावा म्हणून मी दायमाबाद आठवतो. इथून फार लांब नाही, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी. १९७४ मध्ये तिथे ब्राँझचा रथ सापडला. बैलजोडी जुंपलेली, माणूस उभा, आणि त्याच्या पुढ्यात रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा तो मानतात. रथ ओतणाऱ्याने ज्या कुत्र्याला बघून मूर्ती घडवली त्याची माती झाली. त्याच काळातला किंवा त्याच्याही आधीचा एक कुत्रा मात्र मंडईतल्या गाडीखाली श्वास घेतोय, दुसऱ्याच्या फुप्फुसांनी का होईना.

डीएनएवरून प्राणी ओळखण्याचं काम आमच्या शहरातही चालतं; इथल्या विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे. ही पद्धत ज्यांनी २००३ मध्ये मांडली त्या कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांचंच नाव त्याला दिलंय. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या; त्यांच्या डीएनएतला साधारण साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा वाचायचा आणि प्राणी ओळखायचा. माशाचा तुकडा द्या, जात सांगतील. काळ्याची गाठ दिली तर उत्तर येईल "कुत्रा". अगदी बरोबर! पण तेवढ्यावर थांबून भट्ट्यांच्या डीएनएवरून गाठीची वंशावळ मांडायला गेलात तर सपशेल फसाल. कारण गाठ भट्ट्या चोरते. स्वतःच्या जुन्या होऊन बिघडल्या की यजमान कुत्र्याच्या पेशीतल्या उचलते. निदान पाच वेळा असं झाल्याचं २०१६ च्या अभ्यासात दिसलं. जुन्या गाडीत नवं इंजिन, तेही दुसऱ्याच्या गाडीतलं काढलेलं.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा भारी वाटते. उन्हाच्या अतिनील किरणांनी डीएनएत होणारे बदल ओळखू येतात, त्यांची ठेवण वेगळी असते. गाठ अंगाबाहेर असल्याने तिला ऊन लागतं आणि विषुववृत्ताकडे जावं तसे हे बदल वाढतात. म्हणजे गाठीच्या पूर्वजांनी कुठलं ऊन खाल्लं याची नोंद तिच्यात आहे. आमच्याकडच्या मे महिन्याचीही असणार.

एवढा परका देह काळ्याचं शरीर खपवून कसं घेतं? प्रत्येक पेशी आपलं ओळखपत्र बाहेर टांगून फिरते, ते बघून शरीर आपलं-परकं ठरवतं. या पेशी ओळखपत्र खिशात घालून बसतात.

आणि इतकं सगळं पचवलेली ही गाठ हरते कशापुढे, तर सदाफुलीपुढे. तीच, दारात तुळशीशेजारी कुणी न लावता उगवणारी. तिच्यातून निघणारं व्हिनक्रिस्टिन माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरवर १९६३ पासून वापरात आहे. ते पेशीला दुभंगूच देत नाही. (पानांचा रस काढून कुत्र्याला पाजू नका, झाड विषारी आहे, आणि एवढ्याशा औषधाला ढीगभर वाळलेली पानं लागतात.) आठवड्याला एक इंजेक्शन शिरेतून, बहुतेकदा चार ते सहा पुरतात. गाठ विरघळू लागली की शरीरालाही जाग येते आणि उरलेल्या पेशी तेच निपटून काढतं.

काळ्याला धरून आणायचं काम मावशींच्या मुलाने केलं, दर सोमवारी, गोणपाटात गुंडाळून, रिक्षाने. पहिल्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं. तिसऱ्यानंतर गाठ हरभऱ्याएवढी राहिली. पाचव्या सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा काचपट्टी दाबली. मी डोळा लावला. मोत्यांच्या सरी कुठेच नव्हत्या.

"गेला का हो तो?" मी विचारलं.

"इथला गेला," डॉक्टर म्हणाले आणि दाराकडे बघितलं. बाकावर पैठण गेटहून आलेला एक पोरगा दोरीला बांधलेली पांढरी कुत्री घेऊन बसला होता. तिच्याखाली फरशीवर रक्ताचे दोन थेंब पडले होते.